नवे टायर घातले आणि हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज पडलं: बॅटरी नाही, आधी चाकं बघा

ताई, तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. तुमची स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही आहे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, आणि नागपुरात मनीषनगर ते बुटीबोरी असा रोजचा प्रवास आहे. ४६ हजार किलोमीटरला, एप्रिलच्या शेवटी, चारही टायर बदलले. कंपनीचा साईज २१५/६० आर१७ होता, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १७ इंची. दुकानदार म्हणाला की रुंद टायरने पकड वाढते, गाडी दमदार दिसते, म्हणून २२५/६० आर१७ घातले, तेही जाड नक्षीचे. आधी टाकी ते टाकी २३.५ चं अ‍ॅव्हरेज मिळायचं, आता २०.५ मिळतंय. ऑफिसमध्ये कोणीतरी सांगितलं की हायब्रिड बॅटरी उतरली असेल, आणि तुमची झोप उडाली.

बॅटरीची भीती डोक्यातून काढून टाका. हायब्रिड बॅटरी टायर बदलल्याच्या आठवड्यात गुपचूप उतरत नाही. तिच्यात दोष आला तर डॅशबोर्डवर इशारा येतो. शिवाय तुमच्या गाडीच्या वर्गातल्या हायब्रिड बॅटऱ्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते. तुम्ही अजून त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचलेल्या नाहीत.

टायर आणि अलाइनमेंटच्या कामात मला नागपुरात २३ वर्षं झाली. हायब्रिड गाड्या दुकानात यायला लागल्यापासून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता गाडी आत येताना मी बोनेटकडे न बघता टायरच्या साईडवॉलवरचा, म्हणजे बाजूच्या भिंतीवरचा, आकडा वाचतो.

आता कारण. साध्या पेट्रोल गाडीत शहरात पेट्रोल दोन ठिकाणी फुकट जातं: सिग्नलला इंजिन नुसतं चालू राहतं आणि ब्रेक दाबला की गाडीचा वेग उष्णता होऊन उडून जातो. हायब्रिडने या दोन्ही गळत्या बऱ्याच बुजवल्या. सिग्नलला इंजिन बंद होतं, आणि ब्रेक लावताना मोटर जनरेटर बनून बॅटरी भरते. मग उरतं काय? समोरची हवा आणि खालचे टायर. तुमच्यासारख्या गाडीत साधारण ताशी ६० किलोमीटरच्या आसपास हे दोघं बरोबरीत येतात. त्याखालच्या वेगात टायर जास्त खातो, वरच्या वेगात हवा. तुमचं अर्धं चालवणं तर शहरातलं आणि वर्धा रोडच्या गर्दीतलं आहे.

टायर खातो म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग साधारण तळहाताएवढा असतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत रबर तिथे दबतं आणि सुटतं. दबताना जितकी ताकद घेतं तितकी सुटताना परत देत नाही. मधला फरक उष्णता होतो. लांबून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून बघा, कोमट लागेल. ते तुमचं पेट्रोल आहे. ब्रेकमध्ये जाणारी ताकद हायब्रिड परत घेऊ शकते, टायरमध्ये गेलेली मात्र कोणतंच तंत्र परत आणत नाही. उलट, पुढे लाल सिग्नल दिसला आणि तुम्ही पाय काढला की गाडीच्या वेगातून आधी टायर आपला हिस्सा घेतो आणि उरलेला जनरेटरला मिळतो. टायर जड चालणारा असेल तर बॅटरी कमी भरते, आणि इंजिन लवकर सुरू होतं. म्हणून टायरचा फरक हायब्रिडमध्ये इतका लगेच जाणवतो.

तुमच्या ३ किलोमीटरचा हिशेब आता कागदावर मांडू.

पहिली गोष्ट मीटरची आहे, आणि ही दहातल्या नऊ जणांच्या लक्षात येत नाही. २१५/६० आर१७ टायरचा व्यास नवा असताना ६९० मिलिमीटर असतो. तुमचे जुने टायर झिजले होते. आठ मिलिमीटरची नक्षी तीनवर आली असेल, तर व्यास ६८० झाला. २२५/६० आर१७ चा व्यास ७०२. म्हणजे जुन्या आणि नव्यात २२ मिलिमीटरचा, सव्वातीन टक्क्यांचा फरक. गाडीचं मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतं, अंतर मोजत नाही. चाक मोठं झालं की तेवढ्याच रस्त्याला फेऱ्या कमी होतात, आणि मीटर कमी किलोमीटर दाखवतं. तुम्ही तेवढंच गेलात, तेवढंच पेट्रोल जाळलंत, पण भागाकार करताना अ‍ॅव्हरेज तीन टक्क्यांनी कमी निघालं. खात्री करायची असेल तर मोबाईलच्या जीपीएसवर वर्धा रोडचे २० किलोमीटर मोजा आणि गाडीच्या मीटरशी ताडून बघा. यातला दुसरा मुद्दा सुरक्षेचा आहे: नव्या असतानाच्या कंपनी टायरशी तुलना केली, तर काटा शंभर दाखवताना तुमचा वेग आता जवळपास दोनने जास्त असतो. समृद्धीवर हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट खरी, पेट्रोल खाणारी. गाडी आणि माणसं मिळून १,६०० किलो धरू. हलका चालणारा टायर वजनाच्या हजारातल्या आठ हिश्श्यांएवढा विरोध करतो, जाड नक्षीचा रुंद टायर अकरा हिश्श्यांएवढा. मधला फरक पावणेपाच किलोचा. म्हणजे पावणेपाच किलोच्या वजनाएवढी ओढ गाडीला सतत मागे खेचतेय असं समजा, १०० किलोमीटर न थांबता. हायब्रिडचं इंजिन पेट्रोलमधली जास्तीत जास्त ४० टक्क्यांच्या आसपास ताकद चाकापर्यंत नेतं, हे धरून हिशेब केला तर दर १०० किलोमीटरला ०.४ लिटर जास्त लागतं. २३.५ चं अ‍ॅव्हरेज म्हणजे १०० किलोमीटरला ४.२६ लिटर. त्यात ०.४ मिळवा, ४.६६ होतात, म्हणजे २१.५. त्यातून मीटरचे तीन टक्के काढले की राहतात २०.८. तुम्हाला २०.५ मिळतंय. उरलेलं हवेचं प्रेशर, अलाइनमेंट आणि मे महिन्याचा एसी यांत सहज बसतं.

हा मी मांडलेला अंदाज आहे, तुमचा टायर प्रयोगशाळेत मोजलेला नाही. पण आकडे हवेतले नाहीत. टोयोटा प्रियसचं उदाहरण घ्या. अमेरिकेत २०२३ च्या प्रियसचं खालचं मॉडेल १७ इंची चाकांवर येतं आणि सरकारी चाचणीत त्याला गॅलनला ५७ मैल मिळतात. वरचं मॉडेल १९ इंची चाकांवर येतं आणि त्याला ५२. आपल्या भाषेत २४.२ आणि २२.१. इंजिन तेच, बॅटरी तीच. वरच्या मॉडेलचं वजन थोडं जास्त आहे हे खरं, पण मोठा फरक चाकांचाच. आणि दोन्ही टायर १९५ रुंदीचेच आहेत, रुंदी वाढवलेलीसुद्धा नाही.

जुन्या टायरबद्दल अजून एक. झिजलेल्या टायरवर रबर कमी असतं, म्हणून तो हलका चालतो. टायर बदलायच्या आधीचे शेवटचे काही महिने गाडीचं अ‍ॅव्हरेज बऱ्याचदा त्या टायरवरचं सगळ्यात चांगलं असतं. तुमचे २३.५ त्या काळातले आहेत. कंपनीच्याच साईजचे, कंपनीच्याच नक्षीचे टायर घातले असते तरी थोडं पडलंच असतं. म्हणून गोटा झालेला टायर अ‍ॅव्हरेजसाठी ठेवायचा का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठाम नाही असं आहे. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली चालत नाही, आणि जुलैत सिमेंट रोडवर चिखलाचा पातळ थर साचतो तेव्हा मला तीन मिलिमीटरसुद्धा कमी वाटते. समृद्धी सुरू झाल्यानंतर परिवहन विभागाने झिजलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशावरच परत पाठवल्या होत्या, ते योग्यच होतं.

आता हवेबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या नागपुरात याबाबत एक चुकीची समजूत घट्ट बसली आहे. मार्च संपला की लोक येऊन सांगतात, "भाऊ, उन्हाळा आहे, हवा दोन-तीन पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटन." अगदी उलट आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि तापूनच फुटतो. सकाळी २८ अंशांत ३३ पॉइंट भरलेला टायर दुपारी रस्त्यावर ६५ अंशांपर्यंत तापला तर ३९ च्या आसपास जातो. टायर बनवणाऱ्याने हे आधीच धरलेलं असतं. दुपारी गरम टायरमधून हवा सोडायची नाही, कधीच नाही.

खरी अडचण हिवाळ्यात येते. ऑक्टोबरच्या गरम दुपारी, तापलेल्या टायरमध्ये ३३ भरून घेतले आणि विसरलात. डिसेंबरच्या पहाटे नागपूर १० अंशांवर येतं. टायर ४० अंशांवर असताना भरलेले ३३ पॉइंट तेव्हा साडेअठ्ठावीसच्या खाली उतरलेले असतात, एकही पंक्चर नसताना. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा की चारही टायरमध्ये सरासरी १ पॉइंट हवा कमी झाली की साधारण ०.२ टक्के इंधन जास्त लागतं. म्हणजे साडेचार पॉइंटला जवळपास एक टक्का. अ‍ॅव्हरेजचा एक टक्का हा मोठा आकडा नाही. पण टायरच्या दोन्ही कडा झिजतात आणि ४५ हजार चालणारा टायर ३५ हजारांत संपतो, तो खर्च मोठा.

तुमचा आकडा कोणता, ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलंय. साईडवॉलवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. स्टिकरच्या आकड्यापेक्षा १-२ पॉइंट जास्त चालतील, त्यापुढे अ‍ॅव्हरेजच्या मोहात जाऊ नका. टायर मधून झिजतो आणि ओल्यात ब्रेक लांब लागतो. पेट्रोल पंपाच्या गेजवर भरवसा ठेवू नका. एकाच दिवशी एकाच टायरचे दोन पंपांवर चार पॉइंटचे फरक मी पाहिले आहेत. स्वतःचा डिजिटल गेज घ्या. नायट्रोजन भरून घेतलात तर वाईट काही नाही, पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून एकदा मोजणं त्याहून जास्त उपयोगी.

अलाइनमेंट. टायर बदलताना ती करून घेतली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आधी ती करा. चाक सरळ रेषेपासून फक्त पाव अंश आतबाहेर असलं तरी दर किलोमीटरला ते चार मीटरहून जास्त आडवं घासलं जातं. घरी तपासायचं असेल तर गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण वळवा, पुढच्या टायरच्या नक्षीवर तळहात आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलाय. नव्या टायरवर ही धार हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये हाताला कळते, डोळ्यांना बऱ्याच नंतर दिसते.

बॅलन्सिंगचा अ‍ॅव्हरेजशी थेट संबंध थोडा. स्टिअरिंग थरथरत असेल तर करा. रिमच्या वजनाबद्दल लोक फार बोलतात. जड रिम फिरवायला जास्त ताकद लागते हे खरं, पण हायब्रिड त्यातली बरीच ताकद ब्रेक लावताना परत घेतं. म्हणून माझ्या अनुभवात टायरचा प्रकार पहिला, साईज दुसरा, हवा आणि अलाइनमेंट त्यानंतर, आणि रिम शेवटी. नव्या अलॉयवर खर्च करून अ‍ॅव्हरेज वाढवायला निघालेल्या माणसाला मी परत पाठवतो.

एक गोष्ट मात्र तपासाच, कारण ती हायब्रिडमध्येच जास्त दिसते. या गाड्यांमध्ये मोटरच गाडी हळू करते, त्यामुळे खरे ब्रेक कमी वापरले जातात. न वापरल्याने कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना कोरड्या पडतात, गंजतात आणि पॅड डिस्कला हलका चिकटून राहतो. गेल्या पावसाळ्यानंतर एका डॉक्टरांची हायब्रिड सेडान आली होती, अ‍ॅव्हरेजचीच तक्रार. टायर साईज बरोबर, हवा बरोबर. मी त्यांना रिंग रोडला एक चक्कर मारून यायला सांगितलं आणि आल्याबरोबर चारही रिमजवळ हात नेला. मागच्या डाव्या रिमची झळ वीतभर अंतरावरूनच लागत होती, बाकीच्या तिन्ही कोमट. गाडी उचलली तर ते चाक हाताने अर्धी फेरीसुद्धा फिरेना. पिना काढल्या तर एकीवर तांबूस गंज चढलेला. साफ करून, योग्य ग्रीस लावून बसवल्या आणि पुढच्या दोन टाक्यांत तक्रार संपली. तुमच्या गाडीचंही हे बघून घ्या. रिमला थेट बोट लावू नका, भाजेल.

हे काम करणाऱ्याला एक सांगा. हायब्रिड जॅकवर घेताना पॉवर पूर्ण बंद हवी, डॅशबोर्डवर रेडीचा दिवा नको. इंजिनचा आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असं समजून मुलं खाली हात घालतात, आणि बॅटरीला चार्जिंग हवं झालं की इंजिन आपोआप सुरू होतं. चाकाचे नटही हवेच्या बंदुकीने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. शेवटचा पीळ टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

आता हे टायर ठेवायचे की बदलायचे? दर १०० किलोमीटरला ०.४ लिटर म्हणजे तुमच्या वर्षाच्या साधारण १६ हजार किलोमीटरला ६४ लिटर. पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास. टायरच्या पूर्ण आयुष्यात १८ हजारांपुढे. नवा चांगला सेट याच्या दुपटीला जातो. त्यामुळे दुकानदार आत्ता अदलाबदल करून देत असेल आणि वरचे पैसे आठ-दहा हजारांच्या आत असतील तर जरूर परत कंपनीच्या साईजवर या. नसेल तर हेच टायर नीट वापरा, टाकून देऊ नका.

पुढच्या वेळी घेताना साईज २१५/६० आर१७ च, आणि लोड व स्पीडचा आकडा कंपनीच्या टायरवर असेल तोच किंवा त्याहून वरचा. हायवेची नक्षी घ्या, जंगलातली नाही. तुम्ही उमरेड-करांडल्याच्या अभयारण्यात वर्षातून दोनदा जाता, बुटीबोरीला रोज. आपल्याकडे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचं टायरसाठी स्टार लेबल आहे. फ्रीजला बघतो तसे तारे टायरवरही विचारा. काही दुकानदार म्हणतील हलका चालणारा टायर पावसात घसरतो. जुन्या काळी त्यात तथ्य होतं. १९९२ मध्ये मिशलिनने नक्षीच्या रबरात सिलिका वापरलेला टायर आणला, तेव्हापासून कमी विरोध आणि ओल्यातली पकड दोन्ही एकत्र मिळू लागली. आता आपल्याकडेही एआयएस-१४२ या नियमाने नव्या टायरला विरोध, ओल्यातली पकड आणि आवाज तिन्हींची परीक्षा द्यावी लागते. आणि साईडवॉलवर डीओटी (DOT) ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक वाचा: २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात गोदामात पडून कडक झालेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

आत्ता करायचं ते असं: उद्या सकाळी ऑफिसला निघायच्या आधी, गाडी रात्रभर उभी असताना, चारही टायरची हवा मोजा आणि स्टिकरवर आणा. या आठवड्यात अलाइनमेंट आणि ब्रेक बघून घ्या. मग तीन टाक्या एकाच पंपावर, पहिल्या कटऑफपर्यंत भरून लिहून ठेवा, स्क्रीनवरचा आकडा धरू नका, आणि प्रत्येक वेळी मीटरच्या किलोमीटरमध्ये दोन टक्के मिळवा (वरचे तीन टक्के झिजलेल्या टायरशी तुलनेतले होते, हे कंपनीच्या नव्या टायरशी). तुलना मागच्या डिसेंबरशी नको, मागच्या मे महिन्याशी करा. ४५ अंशांत एसी बॅटरीतूनच चालतो आणि तो टायरच्या नावावर लिहिला जातो. हे सगळं करून खरा आकडा २१.५ च्या वर आला तर गाडी ठणठणीत आहे. २० च्याही खाली राहिला तर चारही टायरच्या नक्षीचा आणि साईडवॉलचा फोटो, अलाइनमेंटचा छापील कागद आणि तीन टाक्यांचे आकडे पाठवा, मी बघतो.